चिरते, चिरुत, चीता, चित्ता : सोलापुरात एका रात्रीत प्राणी कसा बदलला

अक्का ‘चिरते’ म्हणाली होती. पुढचं सगळं वाचताना एवढं ध्यानात ठेवावं.

सोलापूरच्या दक्षिणेला, कर्नाटकाची हद्द जवळ असलेल्या एका गावातली ही गोष्ट. हिवाळा होता, ऊसतोड सुरू होती. अक्का एका शेतवस्तीवर नवऱ्यासोबत राहते आणि गुरं सांभाळते. घरात कन्नड बोलते, मराठी तिला समजतं पण बोलताना अडखळते. त्या दिवशी संध्याकाळी धार काढून झाल्यावर ती कडबा आणायला बांधाकडे गेली. उसाच्या कडेनं एक जनावर सावकाश चालत गेलं. अंगावर ठिपके, शेपूट लांब, टोकाशी जरा वर वळलेलं. ती जागच्या जागी उभी राहिली. जनावर उसात शिरल्यावर ती उलट्या पावली वस्तीवर आली. दूध न्यायला आलेल्या पोराला ती म्हणाली, “चिरते बंदद.” चिरते आलंय. कन्नडमध्ये चिरते म्हणजे बिबट्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठच्या आत सोलापूर शहरात आणि आजूबाजूच्या गावांत एक मराठी निरोप मोबाइलवर फिरत होता. चित्ता आलाय, मध्य प्रदेशातून सुटून आलाय, सावध राहा, असा त्याचा सूर होता. सोबत चित्त्याचा फोटो. दुपारपर्यंत त्याला आणखी एक फोटो जोडला गेला. त्यात ओल्या मातीत उमटलेलं पाऊल होतं आणि नखांच्या खुणा स्पष्ट दिसत होत्या.

मी सोलापुरात मराठी शिकवतो. पूर्व भागात राहतो. आमच्या गल्लीत निम्मी घरं तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली विणकरांची आहेत. भिंतीपलीकडे यंत्रमाग चालतो तो मला आता ऐकूही येत नाही. तो निरोप माझ्याकडे एका तासात सात जणांनी पाठवला. मध्य प्रदेशात चित्ते आणून सोडलेत ते कुनोचं जंगल इथून सरळ रेषेत मोजलं तरी नऊशे किलोमीटरच्या आसपास आहे. तिथला चित्ता सोलापूरच्या उसात येणं मला पटेना. पण इतक्या माणसांनी इतक्या खात्रीनं सांगितलेली गोष्ट निव्वळ थाप असेल, हेही पटेना. म्हणून पुढचे तीन आठवडे मी त्या शब्दाच्या मागे उलटा चालत गेलो. नऊ माणसांना भेटलो आणि प्रत्येकाला दोनच प्रश्न विचारले. तुमच्या कानावर कोणता शब्द आला? तुम्ही पुढे कोणता शब्द सांगितलात?

शब्द ज्या वाटेनं गेला ती वाट

दूध नेणारा पोरगा कन्नड आणि मराठी दोन्ही घरच्यासारखं बोलतो. पण ज्या टेंपोवाल्याला तो दूध देतो त्याच्याशी दखनीत, म्हणजे दख्खनच्या उर्दूत, बोलतो. त्यानं त्याला सांगितलं, “चीता दिख्या बोलरैं.” मी विचारलं, चिरतेचं चीता का केलंस? तो म्हणाला, “दखनीत त्याला चीताच म्हणतात की.” आणि ते खरं आहे. हिंदी-उर्दू बोलणारी कितीतरी माणसं बिबट्याला सर्रास चीता म्हणतात. तेंदुआ हा शब्द त्यांना माहीत असतो, पण तो बोलण्यापेक्षा पुस्तकात जास्त. त्यानं भाषांतरात चूक केली असं मी म्हणणार नाही.

टेंपोवाला पहाटे शहरात आला आणि आमच्या भागातल्या चहाच्या टपरीवर थांबला. रात्रपाळी संपवून आलेला एक मागवाला तिथं होता. त्यानं ‘चीता’ ऐकलं आणि घरी जाऊन आईला तेलुगूत सांगितलं, चिरुत आलंय. आईनं विचारलं, चिरुत की पेद्दपुलि? तो म्हणाला, चिरुतच. या माउलीला जनावर बरोबर कळलं. चिरुत म्हणजे बिबट्या, पेद्दपुलि म्हणजे पट्टेरी वाघ. चार माणसं आणि तीन भाषा ओलांडूनही अक्कानं पाहिलेलं जनावर त्या स्वयंपाकघरात जसंच्या तसं पोचलं होतं. या सगळ्या प्रकरणात मला सर्वांत जास्त आश्चर्य याचं वाटतं.

जनावर हरवलं ते त्याच घरात, दहा मिनिटांनी. मागवाल्याचा पुतण्या कॉलेजात जातो. घरात तेलुगू, शिक्षण मराठीत. आजीकडून ‘चिरुत’ ऐकून त्यानं मित्रांसाठी मराठीत निरोप लिहायला घेतला आणि क्षणभर अडला. चिरुतला मराठीत काय म्हणतात? त्याला सुचलं ‘चित्ता’. कानाला तो जुळा भाऊच वाटतो. “सर, चिरुत, चित्ता, एकच ना?” तो मला म्हणाला. मग त्यानं मोबाइलवर मराठीत ‘चित्ता’ शोधलं. समोर आला तो डोळ्यांपासून तोंडापर्यंत काळी रेघ ओघळलेला, पिवळ्या गवतात उभा असलेला आफ्रिकेतला चित्ता. तो फोटो त्यानं जोडला. कुनोचं नाव त्यानं घातलं नव्हतं. ते पुढच्या कुणीतरी घातलं. देशात चित्ते कुठे आहेत तर कुनोत, म्हणजे हा तिथलाच, एवढा सरळ तर्क. १७ सप्टेंबर २०२२ ला नामिबियातून आठ चित्ते आणि १८ फेब्रुवारी २०२३ ला दक्षिण आफ्रिकेतून बारा चित्ते तिथं आणले, हे त्या पोरांनी टीव्हीवर पाहिलेलं होतं. ‘चित्ता फिरलालाय बे’ ही ओळ त्यांनी एकमेकांना पाठवली तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे तेच जनावर होतं.

आता पावलाचा फोटो. तो काढणारा गावातलाच एक तरुण शेतकरी. निरोप वाचून तो माग काढायला निघाला. त्यानं कुठंतरी वाचलं होतं की बिबट्याची नखं पंजात आत असतात आणि पावलात उमटत नाहीत, चित्त्याची मात्र उमटतात. ही माहिती बरोबर आहे. चित्त्याची नखं पूर्ण आत जात नाहीत. त्याच्या शास्त्रीय नावातला पहिला शब्द, ‘असिनोनिक्स’, ग्रीक भाषेतून ‘न हलणारी नखं’ अशाच अर्थानं घडवलेला आहे. मेलेली गुरं टाकतात त्या ओढ्याकाठच्या जागेवर त्याला नखांसकट पावलं दिसली. नखं आहेत, म्हणजे चित्ता. त्यानं फोटो काढला आणि पाठवला.

संध्याकाळी वनरक्षक आला. भंडाऱ्याकडचा पोरगा, बिबट्याला तो ‘बिबट’ म्हणतो. ओढ्यावरची पावलं पाहताच तो म्हणाला, तरस. पुढचं पाऊल मोठं, मागचं त्याहून बरंच लहान, आणि नखं बाहेर. मग तो अक्काला घेऊन बांधावर गेला. तिथल्या मऊ मातीत दुसरीच पावलं होती. गोल, चार बोटं, नखं नाहीत. ती बिबट्याची होती. तो फोटो कुणीच काढला नव्हता.

म्हणजे जे जनावर मोबाइलवर फिरत होतं त्याचं नाव बिबट्याच्या नावावरून आलेलं, पाऊल तरसाचं आणि तोंड आफ्रिकेतल्या चित्त्याचं. असं जनावर कुठल्याच रानात नाही. आणि ते घडवताना कुणी एकानंही खोटं सांगितलं नव्हतं. प्रत्येकाचा शब्द त्याच्या त्याच्या भाषेत बरोबर होता.

यात काय बिघडलं असतं

एका जनावराला दुसरं म्हटलं तर काय एवढं, असं मला दोघांनी विचारलं. त्याचं उत्तर त्याच दिवशी दुपारी मिळालं होतं. मूळ निरोपाला कुणीतरी धीर देणारी पुस्ती जोडली होती. चित्ता माणसाच्या वाटेला सहसा जात नाही, घाबरू नका. चित्त्यापुरतं हे खरंच आहे. पण ती पुस्ती उसाच्या फडावर पोचली तेव्हा तोडीला आलेल्या टोळीतल्या माणसांनी पोरांना पुन्हा कोपीबाहेर झोपू दिलं. उसात होता बिबट्या. बिबट्या असताना पोरं आत घ्यायची असतात, शेळ्या बंद करायच्या असतात, अंधार पडल्यावर एकट्यानं वाकून काम करायचं नसतं. २०२० च्या डिसेंबरात याच जिल्ह्यात, करमाळा तालुक्यात, बिबट्यानं माणसं मारली आणि शेवटी त्याला गोळी घालावी लागली. ते लोक विसरलेले नव्हते. फक्त ती आठवण ‘बिबट्या’ या शब्दाला चिकटलेली होती, ‘चित्ता’ या शब्दाला नव्हती.

सुदैवानं काही झालं नाही. एक कुत्रं गेलं, बाकी काही नाही.

ठिपक्यांवरून ठेवलेलं नाव

आता शब्दाकडे येतो. माझा जीव खरा गुंतलाय तो इथंच.

चित्ता आणि चीता यांच्या मुळाशी संस्कृत ‘चित्र’ आहे. आज आपण चित्र म्हणजे काढलेलं चित्र समजतो, पण मूळ अर्थ नजरेत भरणारं, रंगीबेरंगी, ठिपक्यांचं. त्यातून ‘चित्रक’, आणि ‘चित्रकाय’, म्हणजे अंगभर नक्षी असलेला. चितळ हरीण याच घरातलं. उजनीच्या पाण्यावर येतो तो चित्रबलाकही. आणि हे ठिपकेवाले शब्द कुठल्या एकाच जनावराच्या मालकीचे कधीच नव्हते. जुन्या संस्कृतात चित्रक, चित्रकाय हे शब्द बिबट्यालाही लावलेले सापडतात आणि वाघालाही. बंगालीत आजही ‘चिताबाघ’ म्हणजे बिबट्या. गुजरातीत बिबट्याला ‘दीपडो’ म्हणतात. तो संस्कृत ‘द्वीपिन्’पासून आलेला, म्हणजे अंगावर बेटं असलेला. पिवळ्या समुद्रात काळी बेटं. ज्यानं हा शब्द पहिल्यांदा उच्चारला त्याला मी मनोमन नमस्कार करतो.

हिंदीत चीता, मराठीत चित्ता. हिंदीत हाथी, मराठीत हत्ती. कानाला ही दोन्ही जोडकामं एकाच हातची वाटतात. प्राकृतातलं जोडाक्षर हिंदीनं सोडलं आणि आधीचा स्वर लांबवला, आपल्या शब्दांत ते तसंच राहिलं. आमच्या सोलापुरात दखनी बोलणारी माणसंही हत्तीच म्हणतात. दूधवाल्याचा ‘चीता’ आणि पुतण्याचा ‘चित्ता’ यांच्यात फरक एवढ्याच आघाताचा. पण अर्थ मात्र दोन वेगळ्या जनावरांचे.

चिरते आणि चिरुत यांचं काय? कानाला हे शब्द चित्त्याचे सख्खे वाटतात. पण मला ते तसे वाटत नाहीत. तमिळमध्ये बिबट्याला ‘सिरुत्तै’ म्हणतात आणि ‘सिरु’ म्हणजे लहान. तेलुगूतही ‘चिरु’ म्हणजे लहान, ‘पेद्द’ म्हणजे मोठा. चिरुतपुलि आणि पेद्दपुलि. १९व्या शतकातल्या इंग्रज निसर्ग अभ्यासकांनी बिबट्याचं तेलुगू नाव ‘चिन्न पुलि’ असंही टिपलं आहे, आणि चिन्न म्हणजेही लहानच. ही जोडी मला फार बोलकी वाटते. उत्तरेकडच्या भाषांनी बिबट्याला नाव देताना त्याच्या अंगावरचे ठिपके पाहिले. दक्षिणेकडच्या भाषांनी त्याला वाघाशेजारी उभं केलं आणि म्हटलं, हा धाकटा. मागवाल्याच्या आईनं विचारलेला प्रश्न आठवा. ठिपके की पट्टे असं तिनं विचारलं नाही, चिरुत की पेद्दपुलि असं विचारलं. थोरला की धाकटा? तिच्या भाषेनं तिला तोच प्रश्न शिकवला होता. तो त्या रात्री विचारला गेलेला सर्वांत नेमका प्रश्न होता.

म्हणून पुतण्यानं जे केलं ते एका भाषाकुळाच्या शब्दाला दुसऱ्या भाषाकुळाच्या शब्दाशी निव्वळ आवाजावरून बांधणं होतं. ‘लहान’ या अर्थाचा शब्द ‘ठिपक्यांचा’ या अर्थाच्या शब्दात बदलला आणि त्या बदलात जनावरही बदललं.

इंग्रज अभ्यासकांच्या त्याच जुन्या नोंदींत खऱ्या चित्त्याला कन्नडमध्ये ‘सिवंगी’ म्हटलेलं आहे. तमिळमध्ये आजही चित्ता म्हणजे ‘शिविंगी’. आमच्या गल्लीत हा शब्द मी रोज ऐकतो, पण तेलुगूत त्याचा अर्थ सिंहीण झालाय, आणि भांडणात मागे न हटणाऱ्या पोरीला कौतुकानं सिवंगी म्हणतात. चित्ते दख्खनच्या माळावरून गेले, मागे राहिलेलं नाव दुसऱ्या जनावराला मिळालं आणि तिथून माणसाला.

टेंपोवाल्याच्या घरीही गेलो होतो. त्याचे वडील ऐंशीच्या घरात. मुलगा ‘चीता’ म्हणाल्यावर ते म्हणाले, “हमारे में उसकू बोरबच्चा बोलते थे.” बोरबच्चा हे बिबट्याचं खास दखनी नाव. हैदराबादकडच्या जुन्या शिकाऱ्यांच्या तोंडी ते असायचं, इंग्रजांनीही दख्खनचं नाव म्हणूनच लिहून ठेवलंय. त्या रात्री मुलानं ‘बोरबच्चा’ म्हटलं असतं तर हे प्रकरण घडलंच नसतं. या शब्दाला चित्ता समजणं कुणालाच शक्य नव्हतं. पण मुलाच्या पिढीत तो शब्द राहिलेला नाही.

जगभर फिरून परत आलेला शब्द

सोलापूर ज्या राज्याचा भाग होतं त्या कल्याणीच्या चालुक्यांचा राजा तिसरा सोमेश्वर, कारकीर्द ११२७ ते ११३८. त्याच्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात चित्त्याकडून शिकार करवण्याचं वर्णन येतं. म्हणजे चित्ता या भागाला परका नव्हता. पुढे अकबराच्या चित्तेखान्याची कीर्ती झाली, जहांगीरनं पाळीव चित्त्यांना पिल्लं झाल्याची नोंद केली. चित्ते धरणारे आणि शिकवणारे लोक त्याला फारसीत ‘यूज’ म्हणत. इराणमध्ये आजही तो ‘यूजपलंग’ आहे, आणि आशियाई चित्ता आता तेवढ्याच देशात उरलाय. अरबीत ‘फहद’, जे मुलाचं नाव म्हणूनही ठेवतात.

इंग्रजीनं आपला शब्द उचलला तो १८व्या शतकाच्या सुरुवातीला. इंग्रजांच्या भारतातल्या लिखाणात तो बराच काळ आपल्यासारखाच सैल होता, बिबट्यालाही चालायचा. खऱ्या चित्त्याला ते ‘हंटिंग लेपर्ड’ म्हणायचे. शिकारी बिबट्या. चिनी भाषेतलं ‘लिएपाओ’ आणि दक्षिण आफ्रिकेतलं आफ्रिकान्स नाव यांचाही अर्थ तोच. आशियाई चित्त्याच्या शास्त्रीय नावातला ‘व्हेनाटिकस’ हा शब्दही शिकारीचाच. युरोपनं तिसरी वाट धरली. इटालियन ‘गात्तोपार्दो’, म्हणजे मांजर-बिबट्या, त्यातून फ्रेंच ‘गेपार’, जर्मन आणि रशियन ‘गेपार्ड’. खुद्द ‘लेपर्ड’ हा शब्द तर सिंह आणि ‘पार्ड’ नावाचं जनावर यांच्या संकरातून बिबट्या जन्मतो या प्राचीन समजुतीवर उभा आहे. मांजराच्या कुळात नावांची ही सरमिसळ जुनीच. नेमकं नाव क्वचितच सापडतं. कॅराकल घ्या. तुर्की ‘काराकुलाक’, काळा कान. फारसी ‘सियाहगोश’, तेही काळा कानच. आपण त्याला शशकर्ण म्हणतो, सशाच्या कानांचा. तीन ठिकाणच्या माणसांनी कानाकडेच पाहिलं. कान इतका वेगळा होता म्हणून ते नाव दुसऱ्या मांजराकडे गेलं नाही. ठिपके मात्र अनेकांच्या अंगावर असतात.

भारतात चित्ता संपला. १९४७ मध्ये आजच्या छत्तीसगडमधल्या कोरिया संस्थानाच्या राजानं मारलेले तीन चित्ते ही शेवटची खात्रीची नोंद मानतात आणि १९५२ मध्ये तो नामशेष झाल्याचं जाहीर झालं. त्याच्या कितीतरी आधीपासून शिकारीसाठी चित्ते आफ्रिकेतून आणावे लागत होते. कोल्हापूर संस्थानातही आणले. चित्ते सांभाळणाऱ्यांना तिथं ‘चित्तेवान’ म्हणत, आणि त्या घराण्यांच्या आठवणी कोल्हापुरात अजून सांगतात. जनावर गेलं आणि नाव मोकळं झालं. पाहायला चित्ताच नाही म्हटल्यावर ठिपक्यांचं नाव सहज बिबट्याकडे सरकू शकत होतं. दखनीत आणि हिंदीत ते सरकलंही. मराठीत मात्र बिबट्या, बिबळ्या ही नावं भक्कम होती, म्हणून आपला ‘चित्ता’ तेवढा सरकला नाही.

दरम्यान इंग्रजीत गेलेला शब्द तिकडे घट्ट झाला, एकाच जनावराला बांधला गेला. तो टीव्हीवरून आणि शाळेच्या तक्त्यांवरून परत आपल्याकडे आला. पुतण्याचा चित्ता हा असा फिरून आलेला चित्ता आहे. टेंपोवाल्याचा चीता घरीच राहिलेला. दोघांचा उगम एक. दोघं एकाच टपरीवर चहा पितात आणि एकच शब्द उच्चारून दोन जनावरं पाहतात.

दुरुस्तीनं केलेला घोटाळा

वनरक्षकानं दुसऱ्याच दिवशी सूचना लिहिली. मराठीत, स्वच्छ अक्षरात, मुद्देसूद. आढळलेला प्राणी बिबट आहे, चित्ता नाही. ती सूचना गावच्या चावडीवर, दूध केंद्रावर आणि मोबाइलवरून सगळीकडे गेली. वाचल्यावर मलाही ती चोख वाटली होती.

दोन दिवसांनी टेंपोवाला भेटला. निवांत दिसला. म्हणाला, “चीता नहीं है बोलरैं ना, सरकारी कागज आया.” तो कागद त्याला कुणीतरी वाचून दाखवला होता. त्यातला ‘बिबट’ हा शब्द त्याच्या ओळखीचा नव्हता, ‘चित्ता नाही’ एवढं कळलं. आणि त्याच्या भाषेत चीता म्हणजे तेच उसातलं जनावर. सरकारी कागदानं त्याला सांगितलं होतं की उसात काही नाही.

हे ऐकून माझ्या पोटात गोळा आला. अफवेनं जेवढी माणसं बेसावध केली नसतील तेवढी या खऱ्या, बिनचूक वाक्यानं केली असती. मी लगेच वनरक्षकाला फोन केला. तो आधी ऐकेना. “सर, मी चूक काय लिहिलं?” त्यानं काहीच चूक लिहिलं नव्हतं. त्याला समजावून सांगायला मला पाऊण तास लागला, आणि त्यानं ज्या शांतपणे ते ऐकून घेतलं त्याबद्दल मला त्याचा आदर वाटतो. शेवटी तो म्हणाला, “म्हणजे नाव खोडून चालणार नाही, नावं वाढवावी लागतील.”

दुसरी सूचना आम्ही दोघांनी मिळून केली. ‘चित्ता नाही’ हे शब्द काढून टाकले. वर बिबट्याचा मोठा फोटो. खाली बिबट्या, मग कन्नड लिपीत चिरते, तेलुगू लिपीत चिरुत, उर्दूत बोरबच्चा आणि तेंदुआ. बोरबच्चा घालायचा की नाही यावर आमचं एकमत होईना. तरुणांना तो कळणार नाही हे वनरक्षकाचं म्हणणं, म्हाताऱ्यांना कळला तर ते घरात समजावतील हे माझं. शेवटी ठेवला. नावांखाली, काय करायचं ते. पोरं रात्री आत, शेळ्या बंद, उसाच्या कडेला उजेड, बोलत-गात चालायचं, दिसला तर मागे धावायचं नाही. चित्त्याचा फोटो कुठंही नाही, काट मारूनसुद्धा नाही. काट मारलेला फोटो पुढे पाठवताना कुणीतरी काट कापून टाकतो हे आता मला कळलं होतं.

कन्नड मजकूर एका शिक्षिकाबाईंनी तपासून दिला. त्यांनी एक गोष्ट सुचवली. तरसाचंही नाव घाला, कन्नडमध्ये कत्तेकिरुब, म्हणजे ओढ्यावरची पावलं कुणाची हा प्रश्न मिटेल. ते पटलं. तेलुगूसाठी मागवाल्याच्या आईला विचारलं. तिनं ‘दुम्मुलगोंडि’ सांगितलं आणि त्यातलं दुम्मुलु म्हणजे हाडं हेही समजावलं. हाडं खाणारा. ओढ्याकाठी मेलेली गुरं टाकतात तिथं पावलं का होती ते त्या एका शब्दात आलं. आपला ‘तरस’ संस्कृत ‘तरक्षु’पासून आलेला, पण त्या शब्दातून आज आपल्याला काहीच दिसत नाही.

ही सूचना टेंपोवाल्याच्या वडिलांनी वाचली. चष्मा पुसून दोनदा वाचली. ‘बोरबच्चा’ छापलेला त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला, असं म्हणाले. मग मुलाला हाक मारून जवळ बसवलं.

शेवटचं काम अक्काकडे जाण्याचं होतं. तिच्याकडून खात्री करून घ्यायची माझी पद्धत साधी होती. तीन फोटो घेऊन गेलो, नावं न सांगता. दूधवाला पोरगा सोबत होता. बिबट्याच्या फोटोवर तिनं लगेच बोट ठेवलं, म्हणाली हेच, फक्त हा जाडा आहे, ते बारीक होतं. तरसाचा फोटो पाहून म्हणाली, हा तर रोजचा, गुरं टाकतात तिथं येतो, त्याला कोण भितं.

चित्त्याचा फोटो तिनं बराच वेळ हातात धरला. हे जनावर आपल्या भागातलं नाही, एवढंच आधी म्हणाली. मग डोळ्यांखालच्या त्या काळ्या रेघेवरून अंगठा फिरवला आणि कन्नडमध्ये दूधवाल्याला काहीतरी विचारलं. मी त्याच्याकडे पाहिलं. तो म्हणाला, “ती विचारतीय, हे कशासाठी रडतंय?”